‘कोई पॉइंट?’ – ‘नो पॉइंट, साब!’

फौजेत सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा आणि सर्वांत कमी वेळा खरं उत्तर मिळणारा प्रश्न कोणता, असं कुणी विचारलं तर मी लगेच सांगेन, ‘किसी का कोई पॉइंट?’ कंपनीच्या रोल कॉलला हा प्रश्न येतो, मेस मीटिंगला येतो, सैनिक संमेलनात तर येतोच येतो. आणि चारशे गळ्यांतून एकच उत्तर येतं, ‘नो पॉइंट, साब!’ नव्यानं कमांड घेतलेल्या अधिकाऱ्याला वाटतं, वा, आपली पलटण समाधानी आहे. जुन्या सुभेदार मेजर साहेबांना मात्र या उत्तराचा अर्थ त्या दिवशीच्या आवाजावरून कळतो.

माजी सैनिकांच्या संघटना, आपल्या हाउसिंग सोसायट्या आणि क्लब यांच्याबद्दल गेली काही वर्षं जे ऐकतो आणि सुट्टीवर आल्यावर जे पाहतो, त्यावरून माझं एक मत झालं आहे. सैन्यात माणसाचं म्हणणं ऐकून घेण्याची एक पद्धत आहे. तिचा अर्धा भाग चांगला आहे आणि अर्धा वाईट. निवृत्त होताना आपण चांगला अर्धा भाग क्वार्टर गार्डवर जमा करून येतो आणि वाईट अर्धा भाग ट्रंकेत भरून घरी आणतो.

आधी चांगला भाग सांगतो, कारण नागरी वाचकांना तो फारसा माहीत नसतो. सैनिक संमेलन, म्हणजे जुन्या भाषेत दरबार, ही काही केवळ भाषणाची जागा नव्हे. महिन्यातून एकदा कमांडिंग ऑफिसर साऱ्या पलटणीसमोर उभा राहतो. त्याच्या आधी कंपन्यांमधून पॉइंट गोळा होतात. रजा, वॉरंट, लंगरमधली भाजी, फॅमिली क्वार्टरचं पाणी, कँटीनमध्ये संपलेला माल. पॉइंट लिहिला जातो, त्याची जबाबदारी एका माणसावर पडते आणि चांगल्या पलटणीत पुढच्या संमेलनाची सुरुवात मागच्या पॉइंटचं काय झालं इथून होते. ‘क्वार्टर नंबर अमुकची टाकी बदलली.’ ‘रजेचा पॉइंट मान्य नाही, कारण असं असं आहे.’ नकार असला तरी तो चारचौघांत आणि कारणासकट दिला जातो. जवान नकार पचवतो. त्याला पचत नाही ती शांतता.

लंगरचंही तसंच. जेवण चांगलं आहे की नाही हे लंगर कमांडर ठरवत नाही. जवानांमधून निवडलेली मेसिंग कमिटी असते, ड्युटी ऑफिसर स्वतः चाखून पाहतो. ऑफिसर्स मेसमध्ये सूचनांची वही असते. तीत धाकट्यात धाकटा लेफ्टनंटही लिहू शकतो की रविवारचे डोसे रबरासारखे होते, आणि मेस सेक्रेटरीला त्याखाली उत्तर लिहावं लागतं. वही टेबलावर उघडी असल्यानं उत्तर काय दिलं हेही सगळ्यांना दिसतं.

आणि हे फक्त रिवाजानं चालत नाही, त्यामागे कायदा आहे. आर्मी ॲक्ट १९५० चं कलम २६ जवान आणि जेसीओंसाठी, कलम २७ अधिकाऱ्यांसाठी. वरिष्ठाकडून अन्याय झाला असं वाटलं तर तक्रार कुणाकडे करायची हे कलम २६ सांगतं. त्यापुढची ओळ मला फार शहाणपणाची वाटते. ज्याच्याकडे तक्रार करायची, त्याच्याचविरुद्ध तक्रार असेल, तर ती त्याच्या वरच्याकडे करता येते. आणि ज्याच्याकडे तक्रार येईल त्यानं शक्य तितकी पूर्ण चौकशी करायची आहे. म्हणजे ज्या संस्थेत हुकूम हाच धर्म आहे, तिथेही कायद्यानं मान्य केलंय की आरोपी आणि न्यायाधीश एकच माणूस असू नये. २००७ च्या कायद्यानं सशस्त्र दल न्यायाधिकरणही आलं.

आता वाईट अर्धा भाग. पॉइंट वर जाताना गाळण्यांतून जातो. सेक्शनमध्ये निघालेला पॉइंट प्लाटून हवालदाराकडे येतो, तिथून सीनियर जेसीओकडे, तिथून कंपनी कमांडरकडे. प्रत्येकाला वाटतं की हा पॉइंट वर गेला तर माझी नाचक्की. ‘अरे, हे आपण आपल्यातच सोडवू.’ सुटत काहीच नाही, पॉइंट मात्र सुटून जातो. संमेलनात पोहोचतात ते निरुपद्रवी पॉइंट. व्हॉलीबॉलची नेट फाटली आहे, टीव्ही रूमचा पंखा आवाज करतो. ज्याच्या घरी जमिनीचा वाद पेटलाय, ज्याला रजा हवीच आहे, तो मागच्या रांगेत गप्प उभा असतो. कमांडरनं बोललेल्या शब्दापेक्षा त्या मागच्या रांगेतल्या चेहऱ्याकडे पाहायला शिकावं, ही अपेक्षा असते. सगळेच शिकतात असं नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. फौजेत एकट्यानं तक्रार करता येते, मिळून नाही. दहा जणांच्या सह्यांचा एक अर्ज चालत नाही. युद्धाच्या तोंडावर माणसं गट करून अटी घालू लागली तर सैन्य सैन्य राहणार नाही, हे त्यामागचं कारण आहे आणि ते मला मान्य आहे. पण वीस-तीस वर्षं या नियमात वाढल्यावर मनाला एक वळण लागतं. एकाची सही म्हणजे तक्रार, दहाची सही म्हणजे कट.

हे वळण घेऊन आपण सोसायटीचे चेअरमन होतो, संघटनेचे अध्यक्ष होतो. आणि तिथला कायदा नेमका उलटा आहे! महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम ७६ पाहा. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर विशेष सर्वसाधारण सभा एका महिन्यात बोलवावीच लागते. शंभर फ्लॅट असतील तर वीस सह्या. ज्या कागदाला आपलं फौजी मन बंड समजतं, त्याच कागदाला सहकार कायदा हक्क समजतो. कारण तिथे कुणी कुणाच्या हाताखाली नाही. सभासद मालक आहेत आणि कमिटी त्यांची कारभारी.

पुण्यातल्या ज्या सोसायटीत माझा फ्लॅट आहे, तिथे बहुतेक सभासद फौजी आहेत. नाव सांगत नाही, कारण अशा अनेक आहेत. दोन वर्षांपूर्वी रजेत वार्षिक सभेला गेलो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एक ताई, एका दिवंगत हवालदारांच्या पत्नी, उठून उभ्या राहिल्या. गच्चीतून गळतंय, दोन पावसाळे झाले, तीन अर्ज दिले, उत्तर नाही. आवाज थरथरत होता, पण बोलणं नेमकं होतं. अर्जांच्या तारखा त्यांना पाठ होत्या. चेअरमन निवृत्त कर्नल, माणूस प्रामाणिक, हिशेबात एक रुपया इकडचा तिकडे नाही. ते म्हणाले, ‘ताई, हा विषय अजेंड्यावर नाही. तुमच्या विंग रिप्रेझेंटेटिव्हमार्फत या.’ ताई म्हणाल्या, ‘साहेब, त्यांच्यामार्फतच तीनदा आले.’ मागून एक निवृत्त सुभेदार उठले, ‘साहेब, आमच्याही विंगची तीच गत आहे.’ त्यावर व्यासपीठावरून आवाज आला, ‘हे ठरवून चाललेलं दिसतंय.’ पाचच मिनिटांत आभारप्रदर्शन झालं आणि चहा-समोसे आले.

‘हे ठरवून चाललेलं दिसतंय.’ या एका वाक्यात सगळा रोग आहे. दोन माणसांचं छत गळतंय म्हणून दोघं बोलली. पण ऐकणाऱ्याला गळती ऐकू आली नाही, गट दिसला. मुद्दा बाजूला राहिला आणि मुद्दा मांडणाऱ्याचा हेतू तपासायला सुरुवात झाली. पुढे वीस सह्यांचा कागद तयार होऊ लागला तेव्हा दोन निवृत्त जेसीओंनी सही नाकारली. म्हणाले, ‘साहेबांच्या विरोधात सही कशी करायची?’ साहेबांना निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती. यांनाही.

माजी सैनिकांच्या संघटनांतही हेच चित्र दिसतं. वर्गणी गोळा होते, स्मरणिका निघते, मेळाव्यात मंत्र्यांचा सत्कार होतो. ईसीएचएसच्या दवाखान्यात औषधं मिळत नाहीत, पेन्शनच्या थकबाकीचा हिशेब कळत नाही, असं कुणी विचारलं की उत्तर येतं, ‘आम्ही वरच्या पातळीवर पाठपुरावा करत आहोत.’ कधी केला, कुणाकडे केला, काय उत्तर आलं? पत्राची प्रत कुठे आहे? हे विचारणारा माणूस ‘निगेटिव्ह’ ठरतो. पुढच्या मेळाव्यात त्याला पहिल्या तीन रांगांत खुर्ची मिळत नाही.

पदाधिकाऱ्यांची बाजूही मांडली पाहिजे. ही कामं बिनपगारी असतात. साठीच्या पुढचा माणूस लिफ्टच्या ठेकेदाराशी भांडतो, महापालिकेत खेटे घालतो, आणि संध्याकाळी खाली फिरायला गेला की कुणीतरी पार्किंगवरून चार शब्द सुनावतं. काही सभासद वर्गणी थकवतात, सभेला येत नाहीत आणि वर्षभर जिन्यात उभं राहून कारभार कसा करावा यावर व्याख्यान देतात. प्रत्येक सोसायटीत एक तरी गृहस्थ असे असतात ज्यांच्या अर्जांची फाइल इतर सगळ्या फायलींहून जाड असते. कमिटीत जायला कुणी तयार नसतं, म्हणून त्याच त्या चार जणांवर भार पडतो. हे सगळं खरं आहे. पण नेहमीच्या तक्रारखोरावरही उपाय एकच, त्याला तारखेनिशी लेखी उत्तर द्यावं. उत्तर मिळाल्यावर तो पुन्हा तेच घेऊन आला, तर चार लोकांना दिसतं की खोट कुणात आहे. उत्तरच दिलं नाही तर शहाणा आणि तक्रारखोर एकाच रांगेत उभे राहतात, आणि मग शहाणा घरी जातो.

गप्प बसवण्याची किंमत काय होते, याचा धडा आपल्याच मुंबईत आहे. फेब्रुवारी १९४६. कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदल सिग्नल शाळेतले खलाशी निकृष्ट जेवण आणि कमांडिंग ऑफिसरची शिवराळ भाषा यांनी त्रासले होते. त्यांनी आधी बंड केलं नाही. आधी रीतसर तक्रारी केल्या, एकेकट्यानं, नियमाप्रमाणे. तक्रार ज्याच्याविरुद्ध होती तो अधिकारीच त्या तक्रारींवर बसला होता, आणि खोटी तक्रार हा गुन्हा असतो, फेरविचार करा, अशी समज त्यानं दिली. १८ फेब्रुवारीला खलाशांनी जेवण नाकारलं. पुढच्या काही दिवसांत उठाव ७८ जहाजांवर आणि सुमारे २०,००० खलाशांपर्यंत पोहोचला, आणि मुंबईच्या रस्त्यांवर रक्त सांडलं. त्या उठावामागे स्वातंत्र्याची आकांक्षा होती, आझाद हिंद सेनेच्या खटल्यांनी तापलेलं वातावरण होतं, गोऱ्या-काळ्यांमधला भेदभाव होता. नुसत्या डाळीसाठी कुणी ब्रिटिश साम्राज्याचं निशाण उतरवत नाही. पण ठिणगीची जागा पाहा. ताटातलं जेवण आणि न ऐकलेली तक्रार.

सोसायटीत बंड होत नाही. तिथे माणसं हळूहळू गळतात. आधी सभेला येणं बंद करतात, मग वर्गणी उशिरा देतात, मग एक दिवस थेट उपनिबंधकांकडे किंवा कोर्टात जातात. ज्यांच्यात ती ताकद नसते ते गळक्या छताखाली बादली ठेवतात.

माझं म्हणणं असं की आपण नवीन काही शोधायला नको. चांगल्या पलटणीत जे करत होतो तेवढंच करावं. प्रत्येक अर्जाला पोच द्यावी, तारीख आणि सहीसकट. तीस दिवसांत उत्तर द्यावं, मग ते ‘नाही’ का असेना, पण कारणासकट. प्रत्येक सभेचा पहिला विषय ‘मागच्या सभेतल्या मुद्द्यांवर काय केलं’ हा असावा. इतर विषयांना आभाराच्या आधी उरलेली दोन मिनिटं नव्हे, पुरेसा वेळ द्यावा. आणि कलम २६ चं तत्त्व उचलावं. ज्या पदाधिकाऱ्याच्या कामाविषयी तक्रार आहे, त्याच्याकडे ती निकालासाठी देऊ नये. कमिटीबाहेरच्या दोन सभासदांनी ती पाहावी. यासाठी पैसे लागत नाहीत, एक वही आणि थोडं मोठं मन लागतं.

आणि सभासद असलेल्या माझ्या माजी सैनिक बंधूंना एक विनंती. साहेबांना जरूर मान द्या, आयुष्यभर द्या. पण सोसायटीच्या सभेत तुमचा आणि त्यांचा हिस्सा सारखाच आहे. तिथे सावधानमध्ये उभं राहायची गरज नाही. नम्रपणे, लेखी आणि तारीख टाकून विचारा. तो बेशिस्तपणा नाही, सभासदाचं कर्तव्य आहे.

नेतृत्व करणाऱ्या माझ्या ज्येष्ठांना एवढंच सांगेन की तक्रार घेऊन येणारा माणूस अजून तुमच्यावर विश्वास ठेवतो, म्हणून येतो. काळजी करायची ती त्याची नव्हे. सूचनांची वही सलग सहा महिने कोरी राहिली, तर मेस उत्तम चालली आहे असं समजू नका. लोक बाहेर जेवू लागले असतील.