उपासनेचा हिशेब

धर्माचा प्रश्न आला की बुद्धीने उंबरठ्याबाहेर थांबावे, असे धर्ममार्तंड सांगतात यात नवल नाही. नवल याचे की, पुष्कळ पुरोगामी मंडळीही वेगळ्या शब्दांत तेच सांगत असतात. श्रद्धेच्या प्रांतात विवेकाला स्थान नाही असे एकदा गृहीत धरले की, तो सारा प्रांत मुल्लामौलवींच्या स्वाधीन करून मोकळे होता येते. इस्लामी उपासनेच्या बाबतीत हे गृहीत दोन्ही बाजूंनी इतके पक्के झाले आहे की, ते तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही. वस्तुतः ते इतिहासाला धरून नाही आणि आजच्या व्यवहारालाही धरून नाही.

इस्लामी विचारपरंपरेत ‘अक्ल’ आणि ‘नक्ल’ अशी एक जोडी आहे. अक्ल म्हणजे बुद्धी. नक्ल म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या हाती आलेले वचन, अर्थात कुराण आणि हदीस. मराठीने हे दोन्ही शब्द ‘अक्कल’ व ‘नक्कल’ या रूपांत केव्हाच आपलेसे केले, आणि नक्कल करायलाही अक्कल लागते, हे मराठी माणसाने स्वतःच्या अनुभवाने ठरवून टाकले. बाराव्या शतकात कॉर्डोव्हाचा काझी इब्न रश्द याने जवळजवळ हाच सिद्धांत शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. विचार करण्याची आज्ञा खुद्द धर्मवचनानेच दिली आहे. तेव्हा प्रमाणशुद्ध विचार आणि धर्मवचन यांत विरोध दिसला, तर वचनाचा अर्थ पुन्हा लावला पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या आधीच्या अल्-गझालीने तत्त्वज्ञांवर कठोर प्रहार केले. परंतु ग्रहणाचे गणित धर्माच्या नावाने नाकारणारा मनुष्य धर्माचेच नुकसान करतो, असे त्यानेही बजावून ठेवले आहे.

येथे एक मर्यादा मान्य केली पाहिजे. पहाटेच्या नमाजात दोन रकात आणि सूर्यास्तानंतरच्या नमाजात तीन का, याचे उत्तर बुद्धीपाशी नाही. श्रद्धावान मनुष्य ते आज्ञा म्हणून स्वीकारतो आणि त्यात कोणाचे काही बिघडत नाही. परंतु उपासना करावी ही आज्ञा वचनातून आली, तरी ती केव्हा, कोणत्या दिशेने आणि किती, हे ठरविण्याचे काम पहिल्यापासून बुद्धीकडेच राहिले आहे.

ठाण्याच्या कोपरीत राहणाऱ्या मुसलमान कामगाराचेच उदाहरण घ्यावे. त्याला मक्केची दिशा हवी असते. ती तेथून पश्चिमेस किंचित उत्तरेकडे झुकलेली आहे. ही दिशा काढण्यासाठी भूगोल आणि त्रिकोणमिती लागते. हिंदुस्थानावरील ग्रंथामुळे आपल्या परिचयाच्या असलेल्या अल्-बेरूनीने इ. स. १०२५ मध्ये स्थलनिश्चितीवर एक ग्रंथ पुरा केला, त्यात किब्ल्याची दिशा काढणे हा एक मुख्य प्रश्न होता. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्यद मशिदीत नमाजाच्या वेळा काढण्यासाठी नेमलेला इब्न अल्-शातिर हा आपल्या काळातील एक थोर ज्योतिर्विद होता. आज कोपरीतला कामगार नमाजाची वेळ छापील वेळापत्रकात वा मोबाईलवर पाहतो. काठीची सावली मोजल्याशिवाय दुपारची नमाज कबूल होत नाही, असे त्याला कोणी सांगत नाही. सूर्याचे गणित धर्माला चालते.

मग चंद्राचे का चालत नाही? रमजानच्या २९ व्या रोजाच्या संध्याकाळी कोपरीतून पश्चिमेकडे पाहिले, तर आधी इमारती आणि त्यांच्यामागे येऊरचे डोंगर आडवे येतात. ईद पावसाळ्यात आली तर आकाशच दिसत नाही. चंद्र पाहून रोजे धरावेत, चंद्र पाहून सोडावेत, ढग असल्यास तीस दिवस पुरे करावेत, असा हदीसचा आशय आहे. म्हणून घरोघरी लोक चांद कमिटीच्या घोषणेची वाट पाहत बसतात. २०२४ साली केरळ, जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये ईद १० एप्रिलला झाली. महाराष्ट्रात ती ११ एप्रिलला झाली. चंद्र दिसणे हे केवळ अमावास्येच्या क्षणावर अवलंबून नसते, क्षितिजावरील उंची आणि हवामान यांवरही असते, हे खरे. परंतु कोणत्या संध्याकाळी तो दिसणे अशक्य आहे आणि कोणत्या संध्याकाळी संभवनीय आहे, हे आज कित्येक वर्षे आधी सांगता येते. प्रश्न केवळ पंचांगाचा नाही. रोजंदारीवरील मजुराला उद्या कामावर जावयाचे की नाही, हे रात्री उशिरापर्यंत कळत नाही, आणि याची किंमत पगारी रजा असणाऱ्यापेक्षा त्यालाच अधिक मोजावी लागते.

यावर वचनाला सोडूनच उपाय केला पाहिजे असे नाही. इजिप्तचे हदीस-पंडित अहमद मुहंमद शाकिर यांनी १९३९ सालीच असे प्रतिपादन केले की, डोळ्यांनी चंद्र पाहण्याचा नियम त्या काळच्या समाजाला लेखन-गणित अवगत नव्हते म्हणून होता. ते कारण संपले, तेव्हा गणिताचा स्वीकार करणे हेच वचनाला धरून होईल. तुर्कस्तान गणिताने ईद ठरविते. उत्तर अमेरिकेतील फिक्ह कौन्सिलने २००६ साली तोच मार्ग पत्करला. आपल्याकडे टिळक पंचांग निघाले तेव्हा हिंदू समाजातही असाच वाद झाला आणि त्याचा शेवट अजून झालेला नाही. तेव्हा हा दोष एका धर्माचा म्हणून दाखविणाऱ्यांनी आधी आपल्या घरातील पंचांग पाहावे.

तथापि गणित आले की मुक्ती आली, अशा भ्रमातही राहू नये. दाऊदी बोहरा समाज शतकानुशतके गणिती पंचांगाने चालतो आणि त्याची ईद चांद कमिटीसाठी थांबत नाही. परंतु त्याच समाजात धर्मगुरूंच्या अधिकाराला प्रश्न विचारणाऱ्यांवर बहिष्कार पडले. जयप्रकाशजींनी स्थापन केलेल्या सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी या संस्थेने नेमलेल्या नथवानी आयोगाने १९७९ च्या अहवालात त्या छळाची नोंद केली आहे. गणिताची किल्ली एकाच हाती राहिली, तर बुद्धीदेखील पुरोहिताची दासी होते. म्हणून खरा प्रश्न बुद्धी की वचन असा नाही. दोहोंचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाकडे, असा आहे.

हे सर्वांत स्पष्टपणे दिसते ते जकातीत. जकात हे दान नव्हे. नमाज आणि रोजा यांच्याइतकीच ती बंधनकारक उपासना आहे. निसाब म्हणजे ठरावीक मर्यादेइतकी संपत्ती वर्षभर बाळगणाऱ्याने तिचा चाळिसावा भाग गरजूंना द्यावयाचा असतो. ही मर्यादा परंपरेने साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन तोळे चांदी अशी सांगतात. पैगंबरांच्या काळात वीस दिनार आणि दोनशे दिरहम यांचे मोल सारखे होते. वजनात ते प्रमाण एकास सात असे पडते. गेल्या दशकात मात्र सोन्याचा भाव चांदीच्या बहुतेक काळ साठ पटींच्या वर राहिला आहे. म्हणजे जे दोन आकडे एकाच मर्यादेची दोन नावे होते, त्यांच्यात या काळात बहुतेक वेळा आठ पटींहून अधिक अंतर पडले आहे. चांदी धरली तर मुलीच्या लग्नासाठी थोडी शिल्लक टाकणारा कामगार देणारा ठरतो. सोने धरले तर तो घेणाराही ठरू शकतो. चांदी धरल्यास देणारे वाढतील व त्यात गरिबांचा लाभ आहे, असे हनफी उलेमा सांगतात. युसुफ अल्-करजावींसारखे विद्वान सोन्याचा पक्ष घेतात. कोणताही पक्ष घ्या, निर्णय बुद्धीनेच करावा लागतो. वचन येथे दोन आकडे देऊन थांबते.

अधिक गंभीर गोष्ट पुढेच आहे. कारागिराची हत्यारे जकातीतून वगळावीत, असा जुन्या शास्त्रकारांचा दयाळू नियम आहे. सुताराचा रंधा आणि विणकराचा माग यांवर जकात नाही. हाच नियम जसाच्या तसा लावला की, भिवंडीतील पन्नास यंत्रमागांच्या मालकाचे मागही हत्यारेच ठरतात. त्याच्या रोकडीवर आणि तयार मालावर जकात बसते, यंत्रांवर नाही. उलट त्याच कारखान्यातील हनफी कामगाराच्या पत्नीचे दागिने निसाबाइतके भरले, तर त्यांवर जकात बसते. शेजारच्या कोकणी मुसलमान कुटुंबात मात्र ती बसत नाही, कारण ते कुटुंब शाफई पंथाचे. वापरातले दागिने त्या पंथाने वगळले आहेत. एकाच वचनाचे दोन अर्थ एकाच चाळीत नांदतात आणि दोन्हीही धर्माला मान्य आहेत. मग कारखानदाराच्या यंत्रांचाच अर्थ तेवढा अटळ कसा? पावसावर पिकलेल्या धान्यावर दशांश आणि श्रमाने पाणी देऊन पिकविलेल्या धान्यावर विसावा हिस्सा, असे मूळ दर आहेत. जेथे माणसाचे श्रम अधिक, तेथे भार कमी, हे तत्त्व त्यात उघड आहे. त्यावरूनच करजावींनी कारखान्यांच्या निव्वळ उत्पन्नावर दशांश घ्यावा असे सुचविले. हा विचार बाहेरून आणलेला समाजवाद नव्हे. तो परंपरेच्या पोटातूनच निघालेला आहे. त्याची चर्चा आपल्या वस्त्यांत होत नाही, याचा लाभ कोणाला होतो हे सांगावयास नको.

स्त्रियांच्या बाबतीत तर वचन रूढीपेक्षा उदार निघते. पैगंबरांच्या मशिदीत स्त्रिया नमाज पढत असत. पुण्याच्या एका दांपत्याच्या याचिकेवर ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेही जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितले की, मशिदीत येऊन नमाज पढण्यास स्त्रियांना धर्माची मनाई नाही. तरीही कित्येक मशिदींत त्यांच्यासाठी जागा नसते. येथे अडथळा ना वचनाचा आहे ना बुद्धीचा. तो केवळ सवयीचा आणि सत्तेचा आहे.

या संदर्भात महाराष्ट्राने दोन मार्ग पाहिले आहेत. १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणाऱ्या हमीद दलवाईंनी धर्मग्रंथांची चिकित्सा करण्याचा माणसाचा अधिकार निःसंकोचपणे सांगितला. असगर अली इंजिनियर यांनी श्रद्धेच्या आत राहून कुराणाचा न्यायाच्या बाजूने अर्थ लावला आणि बोहरा सुधारणेच्या लढ्यात मार सोसला. या दोघांत कोण श्रेष्ठ, हा वाद समाजवादी कार्यकर्त्यांनी घालीत बसू नये. पहिल्याने प्रश्न विचारण्याचे धैर्य दिले, दुसऱ्याने ज्यांना श्रद्धा सोडावयाची नाही अशा लाखोंना तोच प्रश्न विचारण्याची वाट दाखविली. धर्मांध हिंदुत्वाच्या भाषेत मुसलमानांना उपदेश करणे वेगळे आणि मुसलमान कष्टकऱ्याच्या शेजारी बसून त्याच्या जकातीचा हिशेब मांडणे वेगळे. जकात किती जमली, कोणाला गेली, वस्तीतील कर्जबाजारी विणकरापर्यंत किती पोहोचली, हे विचारण्यासाठी कोणाची श्रद्धा दुखवावी लागत नाही. जकातीचा वाटा कोणाकोणास द्यावा त्याची यादी कुराणातच आहे, आणि कर्जात बुडालेला त्या यादीत आहे. रमजानमध्ये पावतीपुस्तके घेऊन फिरणाऱ्या संस्थांनी वर्षअखेरीस जमाखर्च मशिदीच्या फलकावर लावावा, एवढी मागणी कोपरी, मुंब्रा, भिवंडीच्या कामगारांनी केली, तरी ती उपासनेचाच भाग ठरेल.