बुल टेरियर कामाचा कुत्रा आहे काय?

शिकारी कुत्रा म्हटला की हल्लीच्या मुलांच्या डोळ्यांसमोर रुंद छातीचा, आखूड कानांचा, थोर जबड्याचा पिटबुल उभा राहतो. यंदा आम्ही तपासलेल्या निबंधांच्या वह्यांतून हा प्राणी इतक्या वेळा डोकावला, आणि दर वेळी 'सर्वोत्तम शिकारी' ही पदवी मिरवीत आला, की त्या पदवीची थोडी छाननी करणे आम्हांस अगत्याचे वाटले. आमचे मत प्रथमच सांगून टाकतो. बुल टेरियर वर्गातील कुत्रे शूर खरे, परंतु शिकारी या दृष्टीने ते अपुरे आहेत. आणि आपल्या प्रदेशात तर त्यांच्या अंगच्या गुणाला साजेसे कामच उरलेले नाही.

आधी नावाकडे पाहू. आमच्या मातृभाषेत, कोंकणीत, कोणताही कुत्रा नुसता 'सुणें'; इंग्रजांना मात्र कामागणिक निराळे नाव लागते. 'टेरियर' हा शब्द लॅटिनमधील 'टेरा' म्हणजे भूमी या शब्दावरून आला. बिळात शिरून कोल्ह्याला हुसकावणारा, कोठारातील उंदीर मारणारा, असा हा चपळ कुत्रा. बुलडॉगचे काम अगदी वेगळे. खुंटाला बांधलेल्या बैलाच्या नाकाला चावा घेऊन, काही झाले तरी न सोडता लोंबकळत राहायचे, आणि भोवतालच्या गर्दीने पैजा लावायच्या! या दोहोंच्या संकरातून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात जो कुत्रा निपजला, त्याचे वंशज म्हणजे आजचे बुल टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर आणि अमेरिकेतील पिटबुल.

हा संकर शिकारीसाठी झाला नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. लंडनमध्ये १८२३ साली बिली नावाच्या अशाच एका कुत्र्याने हौद्यात सोडलेले १०० उंदीर साडेपाच मिनिटांत मारले, याचे तेथे मोठे कौतुक झाले. परंतु पळायला वाट नसलेला उंदीर मारणे ही शिकार म्हणावी काय? पुढे १८३५ च्या कायद्याने इंग्लंडात बैलांच्या आणि कुत्र्यांच्या झुंजी बेकायदा ठरल्या. बैलाची झुंज लपवता येत नाही, कुत्र्यांची एखाद्या खोलीतही उरकता येते. म्हणून ती चोरून चालूच राहिली. बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्स यांनी १८६० च्या सुमारास पांढराशुभ्र बुल टेरियर लोकांपुढे आणला, तोही साहेबांच्या शेजारी ऐटीत चालण्यासाठी. स्टॅफर्डशायर जातीला तेथील केनेल क्लबने मान्यता दिली ती १९३५ साली, म्हणजे कायद्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी. सुमारे १३ ते १७ किलो वजनाचा, १४ ते १६ इंच उंचीचा हा कुत्रा कोठारातले उंदीर आजही चांगले मारतो. तो त्याच्यातल्या टेरियरचा अंश होय.

आता शिकार. शिकार हे एक काम नसून कामांची साखळी आहे. वास काढणे, माग घेणे, पाठलाग करणे, जनावर सापडले की एका जागी रोखून भुंकत राहणे, आणि शेवटी, गरज पडलीच तर, धरणे. या साखळीतील शेवटचा दुवा तेवढा बुल टेरियरच्या वाट्याचा. अमेरिकेच्या दक्षिण भागात, टेक्सास किंवा जॉर्जिया येथे, रानडुकरांची शिकार कशी होते ते पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. तेथे पुढे सोडतात ते कॅटाहूलासारखे कुत्रे. ते माग काढतात, डुकराला घेरतात आणि अंतर राखून भुंकत राहतात. पिटबुल किंवा अमेरिकन बुलडॉग तोपर्यंत माणसाच्या हातात, साखळीला बांधलेला असतो. भुंकण्यावरून ठिकाण कळले की माणसे तेथे पोहोचतात, आणि मगच त्याला सोडतात. त्याच्या अंगावर जाड कापडाचे चिलखत चढवलेले असते, कारण तो मागेपुढे न पाहता सरळ सुळ्यांवर जातो. डुकराचा कान धरून तो गप्प लटकून राहतो आणि माणसे मागून येऊन डुकराचे पाय बांधतात. काम मिनिटा-दोन मिनिटांचे. तेवढे तो इतरांहून सरस करतो, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. परंतु त्यालाच दिवसभर रानात मोकळा सोडला तर? कुत्र्याचे अंग निवते ते मुख्यतः धापा टाकून. भारी स्नायूंचा हा कुत्रा उन्हात लवकर तापतो, आणि तोंडात जनावर धरलेले असताना त्याला धड धापाही टाकता येत नाहीत. शिवाय सोबतच्या कुत्र्यांशी भांडण्याची खोड असेल तर डुक्कर बाजूलाच राहायचे!

ही अडचण आम्ही कल्पनेने उभी केलेली नाही. अर्जेंटिनातील कोर्दोबा गावी झुंजीचे पांढरे कुत्रे होते, त्यांच्यात बुल टेरियरचेही रक्त होते. अन्तोनियो नोरेस मार्तिनेस या गृहस्थांना १९२० च्या दशकात रानडुक्कर आणि प्यूमा यांच्या शिकारीसाठी कुत्रा हवा होता. हे झुंजार कुत्रे निर्भय होते, पण कळपाने काम करण्याऐवजी एकमेकांवरच तुटून पडत. तेव्हा त्यांनी नाकासाठी पॉइंटर, आकारासाठी ग्रेट डेन, वेगासाठी आयरिश वुल्फहाउंड अशी रक्ते मिसळीत 'डोगो अर्जेंटिनो' ही जात घडवली. ऑस्ट्रेलियातील डुक्कर-शिकाऱ्यांनीही पुढे बुल टेरियरमध्ये ग्रेहाउंड आणि पॉइंटर मिसळूनच आपला 'बुल अरब' तयार केला. ज्यांना खरोखर शिकार करायची होती, त्या दोघांनाही बुल टेरियर जसाच्या तसा पुरला नाही. याहून बोलका पुरावा कोणता?

शिकारीखेरीज अन्य कामांत या कुत्र्यांनी नाव काढलेले आहे, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याबरोबर फ्रान्सला गेलेला स्टबी हा त्याच वळणाचा होता. विषारी वायूची चाहूल लागताच तो शिपायांना सावध करी. अमेरिकेतील काही पोलीस दलांनी अनाथाश्रमातून आणलेले पिटबुल अमली पदार्थ हुंगण्यासाठी तयार केले आहेत. म्हणजे शिकवणारा धीराचा असला तर कुत्रा शिकतो. तो जन्मतः राक्षस आहे असे म्हणणाऱ्यांशीही आमचे जमत नाही.

परंतु आपल्याकडे त्याला शिकवणार कोण, आणि कोणत्या कामासाठी? १९६० च्या कायद्याने प्राण्यांच्या झुंजी लावणे गुन्हा आहे; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची वाट बंद केली. केंद्र सरकारने १२ मार्च २०२४ रोजी पिटबुलसह २३ जातींवर बंदी घालण्याविषयी राज्यांना लिहिले. कर्नाटक आणि दिल्ली येथील उच्च न्यायालयांनी ते पत्रक एप्रिलमध्ये रद्द ठरवले, कारण संबंधितांचे म्हणणे ऐकूनच घेतले नव्हते. न्यायालयाचे म्हणणे रास्तच. मात्र बंदी उठली म्हणून कुत्र्याला काम मिळाले असे होत नाही. हजारो रुपये मोजून आणलेला हा प्राणी बंगल्याच्या फाटकाशी दोन हात साखळीला बांधून घातलेला आम्ही अनेक ठिकाणी पाहतो. न सोडण्यासाठी घडवलेल्या जबड्याला आणि अंगातल्या एवढ्या जोमाला दिवसभर रस्त्याकडे पाहण्यापलीकडे उद्योग नाही. एखाद्या दिवशी साखळी तुटते आणि शेजारचे पोर वाटेत असते. मग सगळे कुत्र्याला दोष देतात.

पिल्लासाठी घरी हट्ट धरणाऱ्या विद्यार्थ्यांनी वडिलांच्या आधी स्वतःलाच विचारावे की, रोज पहाटे त्याला तासभर फिरवून आणणारा कोण? आणि चांगला धावणारा कुत्रा पाहायचाच असेल तर बेळगावकरांनी दूर कशाला जावे? शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात मुधोळ आहे. घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेला तेथील सडपातळ, लांब पायांचा हाउंड ससा नजरेने टिपून पाठलाग करणारा. २००५ साली टपाल खात्याने त्याचे तिकीटही काढले, आणि पुढे लष्करानेही त्याला पारखून पाहिले. त्यालाही मोकळे रान लागते, हे खरेच. मुधोळजवळ तिम्मापूर येथे या जातीच्या संवर्धनाचे केंद्र आहे. पुढील वर्षीची सहल तिकडे न्यावी अशी सूचना आम्ही मुख्याध्यापकांकडे करणार आहोत.