एकवीस तास काहीच नाही

अलेप्पीच्या जेट्टीवरून दुपारी बारा वाजता हाउसबोटीत पाय ठेवला आणि नवऱ्याला विचारलं, "आता करायचं काय?"

"काही नाही. त्याचेच तर पैसे भरलेत."

ऐकायला मस्त वाटतं हो. पण जिला लिफ्टची वाट बघतानाही मेल चेक करायची सवय आहे, तिच्यासाठी उद्या सकाळी नऊपर्यंत काहीच न करणं हे टार्गेट जरा जडच.

आमची बोट म्हणजे केट्टुवळ्ळम. मल्याळममध्ये केट्टु म्हणजे बांधलेलं आणि वळ्ळम म्हणजे होडी. फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवायच्या, वरून काजूच्या टरफलांचं काळं रोगण फासायचं. खिळा एकही नाही. पूर्वी यातून भात आणि मसाला कोचीला जायचा. मग रस्ते झाले, ट्रक आले, होड्या रिकाम्या पडल्या. नव्वदच्या दशकात कुणीतरी शक्कल लढवली, पोत्यांऐवजी टुरिस्ट भरू. तर आम्ही ती पोती. एसी बेडरूमवाली.

पहिल्या तासात साठ फोटो. मग जेवण. केळीच्या पानात भाजलेला करिमीन (गोव्यात याच माशाला काळुंदर म्हणतात) असा काही जमला होता, की दोघंही दहा मिनिटं गप्प!

वेंबनाड सरोवरातून कालव्यात शिरलो. इथे डेकवरून बघायचं ते खाली. अक्षरशः खाली. बांधाच्या अलीकडे पाणी, पलीकडे भातशेती, आणि शेतं पाण्याच्या पातळीपेक्षा खोल! कुट्टनाडची ही शेती समुद्रसपाटीच्याही खाली होते. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने तिला जागतिक वारसा पद्धतीचा दर्जा दिला. बांध फुटला की मात्र संपलं. २०१८च्या पुरात इथली गावंच्या गावं रिकामी करावी लागली होती.

एका पायरीवर एक बाई भांडी घासत होती. मी कॅमेरा उचलला. तिने बघितलं आणि शांतपणे पाठ फिरवली. आपल्या किचनच्या खिडकीबाहेरून दिवसभर अशा बोटी गेल्या तर? कॅमेरा बॅगेत गेला तो गेलाच.

साडेपाचला बोट एका माडाला बांधली. नवरा वैतागला. "इतक्यात? पैसे तर सकाळपर्यंतचे घेतलेत!"

"सर, अब जाल डालेगा," बोट चालवणारे चेट्टा म्हणाले. "रात को मछलीवाले का पानी."

खरंच, थोड्या वेळात छोट्या होड्या आल्या, जाळी पडली. आमची मोटार बंद झाल्यावर कळलं, की दुपारभर आम्ही जिला शांतता म्हणत होतो, तिच्यात डिझेल इंजिनाची घरघर होती.

रात्री नऊला एसीसाठी जनरेटर सुरू झाला. दहा मिनिटांनी नवराच उठला आणि बंद करायला सांगून आला. मग काय, घाम, डास आणि डेकवरच्या दोन खुर्च्या. गेल्या वर्षभरात आम्ही एकमेकांशी जे बोललो होतो, ते बहुतेक गॅस सिलिंडर आणि लोनच्या हप्त्याबद्दल. साडेअकराच्या सुमाराला तो म्हणाला, "मला नोकरी सोडायचीय."

"कधीपासून?"

"आठ महिने झाले."

आठ महिने! एकाच घरात, एकाच बेडवर. मी चिडले, थोडी रडले, मग विचारलं, पुढे काय करणारेस? दीड वाजेपर्यंत तो बोलत होता. मध्ये एकदाही फोन बघितला नाही. (रेंज नव्हती, हेही सांगायला हवं.)

सकाळी टॅक्सी न करता कोट्टयमची सरकारी फेरीबोट पकडली. तुम्हीही पकडा. तेच पाणी, अडीचेक तास, भाडं किरकोळ, आणि सोबत बाजाराच्या पिशव्या घेतलेली इथलीच माणसं. माझ्या शेजारी एक आजी झोपून गेल्या. पलीकडे नवरा हाउसबोटीच्या बिलामागे ईएमआयचा हिशोब मांडत होता. माझा एकटीचा पगार धरून.