बिनटपाची गाडी

कराडच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलंय. यजमान गेले, त्यांची स्कूटर अजून दारात उभी आहे. शेजारचा मुलगा 'काकू, मला द्या' म्हणतोय. तर कागदपत्रं कोणती लागतात आणि पैसे किती सांगावेत, असं त्यांनी विचारलंय. पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ आहे, 'ठेवावीशी वाटत नाही आणि विकवतही नाही.' कागदपत्रांचं पुढे सांगतेच, पण ह्या ओळीसाठी मला आमच्याच घरातली गोष्ट सांगायला हवी.

आमच्या मामंजींची एक गाडी होती. एम्‌जी टीडी, १९५१ सालची. दोन माणसांची, लांब नाकाची, हिरवी. एम्‌जी म्हटलं की हल्ली लोकांना वेगळंच वाटतं, कारण २०१९ पासून ह्याच नावाच्या मोठमोठ्या बंद गाड्या आपल्याकडे विकल्या जातात. ही ती नव्हे. ही इंग्लंडात अ‍ॅबिंग्डनला बनलेली स्पोर्ट्‌स कार. १९५० ते १९५३ ह्या काळात तीस हजारांच्या आसपास निघाल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. जी थोडी शिल्लक इकडे तिकडे पांगली, त्यातली एक सांगलीच्या गावभागात आमच्या पडवीत येऊन बसली. मामंजी कारखान्यात टूलरूमचे फोरमन. १९७६ साली त्यांनी ती बंद पडलेल्या अवस्थेत आणली, आणि सासूबाईंच्या भाषेत, 'माझ्या पाटल्यांचं इंजिन झालं.'

टप कायम मागे दुमडलेला असायचा, म्हणून आळीत तिचं नाव बिनटपाची गाडी. दारं उलटी, म्हणजे पुढून उघडायची. पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता यायची. बाजूला काचा नाहीतच, पावसात पडदे लावायचे आणि तरी भिजायचं. सासूबाई ह्या गाडीतून नरसोबाच्या वाडीला जायच्या तेव्हा दोन्ही हातांनी पदर धरून ठेवावा लागे, त्यामुळे देवाला न्यायचा नारळ मांडीत घट्ट दाबून बसत. हे लहानपणी मागच्या फळीवर कोंबलेले असायचे.

आणखी एक गंमत. ह्या गाडीला पेट्रोलचा काटाच नाही! पेट्रोल संपत आलं की एक हिरवा दिवा लागतो, तोही आमच्याकडे कधीच गेलेला. मग मामंजींनी एक बांबूची काठी तासली. टाकीत घालून काढली की ओल कुठपर्यंत आहे ते बघायचं. तिच्यावरच्या खुणा सासूबाईंनी विळीच्या टोकानं केल्या, कारण मापाच्या लिटरनं पेट्रोल ओतायला त्याच उभ्या होत्या. ती काठी स्वयंपाकघराच्या दारामागे, खुंटीला.

आता माझं सांगते. मला ही गाडी आवडत नव्हती. का, तेही सांगते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. आमच्या आळीत पाणी शिरणार हे कळल्यावर घरातल्या दोन्ही पुरुषांनी आधी काय हलवलं असेल? दोरखंड बांधून, ट्रॅक्टरमागे गाडी मिरजेला नेली. परत येईपर्यंत आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी. मी, सासूबाई आणि माझी मुलगी पिशव्या डोक्यावर घेऊन बाहेर पडलो. फ्रिज गेला, शिलाई मशीन गेलं, वर्षाची डाळ-कडधान्यं गेली. माझं बी.ए.चं प्रमाणपत्र लोखंडी ट्रंकेत होतं, त्याचा लगदा झाला. दुसरी प्रत काढायला विद्यापीठात खेटे घातले ते मीच. गाडीला मात्र थेंब लागला नाही. मी तेव्हा काही बोलले नाही. पण २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा मी आधी ट्रंक रिक्षात घातली आणि मग ह्यांना म्हटलं, आता काय हलवायचं ते हलवा.

मामंजी २०२२ मध्ये गेले. त्यानंतर गाडी वर्षातून एकदा, गणपतीत बाहेर निघे. ह्यांना हौस आहे, पण हात वडिलांचा नाही. त्यातून आम्ही नदीकाठ सोडून विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर जागा घ्यायचं ठरवलं. खाली एका गाडीची जागा, आणि घरी रोजच्या वापराची गाडी आहेच. प्रश्न उरलाच नव्हता, पण तो विचारायचा कोणी? हे तीन महिने त्या विषयाभोवती घिरट्या घालत होते. शेवटी २०२४ च्या दिवाळीत फराळाच्या ताटावर सासूबाईच म्हणाल्या, "विकायची आहे ना? मग नीट विका. रडत विकू नका."

पहिला गिऱ्हाईक मुंबईचा व्यापारी. आकडा इथे लिहू नका अशी घरून ताकीद आहे, पण ऐकून माझ्या हातातला चमचा खाली पडला एवढं सांगते. तो येण्याआधी मी गाडी पुसून काढत होते. उजव्या दाराखालचं पायपुसणं उचललं, तर खाली वाळवीची मातीची रेघ. ह्या गाडीच्या पत्र्याखाली लाकडी सांगाडा असतो, अ‍ॅश नावाच्या विलायती लाकडाचा. डावी बाजू मामंजींनी पूर्वीच सागवानात करून घेतली होती, उजवी राहिली होती. ह्यांना दाखवलं. "विचारलं तर सांगू," हे म्हणाले. मी तिथे काथ्याची नवी चटई अंथरली. व्यापाऱ्यानं विचारलं नाही. त्यानं फोटो काढले, दिवे मोजले, चकचकीत भागांवरून बोट फिरवलं. सासूबाईंनी विचारलं, "कुठे ठेवणार?" तर म्हणाला, "हॉटेलच्या दर्शनी भागात, आजी. इंजिन काढून ठेवू, म्हणजे फरशीवर तेल नको गळायला."

चार दिवसांनी पुण्याचं एक जोडपं आलं. गृहस्थ तंत्रनिकेतनात शिकवतात. त्यांनी गाडीत पाय ठेवण्याआधी चपला काढल्या! मग सरळ पडवीच्या जमिनीवर आडवे झाले आणि सांगाड्यावर बोटाच्या पेरानं टकटक करत पुढून मागे गेले. डावीकडे टण्‌टण्‌ वाजत गेलं. उजवीकडे आले आणि आवाज एकदम बसला. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. ते काही बोलायच्या आतच माझ्या तोंडून निघून गेलं, "तिथे वाळवी लागली आहे. चटई मी घातली."

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बस्स. ते गृहस्थ मात्र उठून बसले, हात झटकले आणि हसले. "वहिनी, आतलं लाकूड किती खराब झालंय ते पाहिल्याशिवाय मी घेतलीच नसती. बरं झालं सांगितलंत, आता बाकीचं खरं मानता येईल."

मग त्यांनी नट-बोल्टांचा डबा पाहायला मागितला. मामंजींचा तो बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. ह्या इंजिनाची खोड अशी की बोल्टचे आटे मेट्रिक मापाचे, पण डोकं व्हिटवर्थ मापाचं. म्हणजे बाजारातला बोल्ट आणला तर आटा बसतो आणि पाना बसत नाही, नाहीतर उलट. मामंजींनी लेथवर एकेक बोल्ट स्वतः काढला होता, कागदात गुंडाळून वर पेन्सिलीनं जागा लिहिली होती. ते गृहस्थ एकेक पुडी उघडून वाचत होते आणि परत तशीच गुंडाळत होते. हे त्यांच्याशेजारी जाऊन बसले. पुढचा दीड तास दोघं काय बोलत होते ते मला कळलं नाही, पण मामंजी गेल्यापासून ह्यांना इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं.

त्यांची मंडळी माझ्याबरोबर स्वयंपाकघरात आली. दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "वहिनी, आता खरं सांगा. हे प्रकरण खातं किती?"

मी माझी जमाखर्चाची वही काढली. त्यात 'गाडी' असा वेगळा रकाना आहे. बॅटरी, ट्यूबा, विमा, कार्बुरेटरचे वायसर, पेट्रोलच्या रबरी नळ्या. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, त्यानं जुन्या गाडीच्या नळ्या लवकर जातात, त्या बदलाव्या लागल्या. एकदाच बाहेर निघालेल्या गाडीचा वर्षाचा खर्च एकवीस हजार. तिनं बोट ठेवून सगळं वाचलं. "आणि घरातलं काय मागे पडतं?" मी फ्रिजची गोष्ट सांगितली. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आमच्याकडे पूर नाही. पण मुलीच्या क्लासची फी एकदा उशिरा भरली गेली, ते मी विसरले नाही. ह्या वेळी रकाना आधी ठरवून घेते, मगच होकार." शहाणी बाई. जाता जाता शर्टावरच्या ऑइलच्या डागांचंही बोलणं झालं. तिची रीत अशी, डागावर आधी खडूची पूड दाबून ठेवायची, तेल शोषलं की झटकून भांड्यांचं साबण-पाणी चोळायचं आणि मग धुवायचं. करून पाहिलं, जातात.

त्यांनी वाळवीचा खर्च उघड हिशेब मांडून वजा केला आणि आकडा सांगितला. व्यापाऱ्यापेक्षा दोन लाख कमी.

खोटं कशाला बोलू, मी व्यापाऱ्याच्या बाजूची होते. नव्या जागेचा नोंदणीखर्च डोक्यावर होता. कोल्हापूरच्या नणंदबाईही फोनवर तेच म्हणाल्या. ह्यांच्या तोंडातून शब्द निघत नव्हता. रात्री जेवणं झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "वारसांत मीही आहे ना? मग ते दोन लाख माझ्या वाट्यातून कमी करा. पाटल्या माझ्या गेल्या होत्या. त्यांचं इंजिन काढून फरशी पुसणाऱ्याला मी देणार नाही."

ह्यावर काय बोलायचं? वजा मात्र सगळ्यांच्या वाट्यातून सारखेच केले.

आता कराडच्या भगिनींसाठी. गाडी मृताच्या नावावर असेल तर ती परस्पर विकता येत नाही. आधी नमुना ३१ भरून, मृत्यूचा दाखला जोडून, ती वारसाच्या नावावर करावी. आम्हाला इतर वारसांची संमतीही द्यावी लागली, म्हणून नणंदबाईंना सहीसाठी बोलावलं. त्यानंतर विक्रीसाठी नमुने २९ आणि ३०. विकल्यावर चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवायची जबाबदारी विकणाऱ्याचीही आहे, 'घेणारा करेल' म्हणून बसू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की पुस्तकावर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, मग गाडी कुणालाही दिलेली असो. तेव्हा ताबा देताना तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या असलेला कागद जपून ठेवा, आणि विमा त्याच्या नावावर झाल्याची खात्री करा. शेजारचा मुलगा कितीही चांगला असला तरी! आमच्यासारखी पन्नास वर्षांवरची गाडी असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंद करता येते. जुना नंबर तसाच ठेवता येतो, पण मग रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच बाहेर काढायची. पुण्याच्या गृहस्थांनी ते सगळं करायचं आपल्याकडे घेतलं.

किमतीचं म्हणाल, तर स्कूटरची किंमत दोन गॅरेजवाल्यांना वेगवेगळं विचारा. आणि जे मोडकं आहे ते आधी सांगा. मी चटई घातली होती, मला ठाऊक आहे.

गाडी न्यायला जानेवारीत ते ट्रक घेऊन आले. ट्रकवर चढवण्याआधी त्यांनी किल्ली ह्यांच्या हातात दिली. किल्ली फिरवली की आधी पेट्रोलचा पंप टिकटिक करतो, पेट्रोल पोचलं की थांबतो, मग खटका ओढायचा. पंप थांबला. ह्यांनी खटका ओढला, आणि सासूबाईंना शेजारी बसवून आळीच्या टोकापर्यंत फेरी मारून आणली. सासूबाईंनी सवयीनं दोन्ही हातांनी पदर धरला होता. मांडीत नारळ नव्हता, तो मी गाडीपुढे फोडला.

तीन आठवड्यांनी पुण्याहून त्या वहिनींचा फोन आला. रविवारी फिरायला निघाले होते, आणि गाडी कात्रजच्या रस्त्याला बंद पडली. पंपाची टिकटिक सुरूच, थांबतच नाही, आमचे हे बॉनेट उघडून अर्धा तास बघताहेत. मी फोन ह्यांना द्यायला निघाले, तर सासूबाईंनी मधेच हात पुढे केला.

"थांबत नाही म्हणजे पेट्रोल संपलंय," त्या म्हणाल्या. "टाकीत काठी घालून बघा."

तिकडून वहिनींनी विचारलं, "काकू, कसली काठी?"

आम्ही दोघींनी स्वयंपाकघराच्या दारामागे पाहिलं. सोमवारी शाळेतून येताना मी ती पोस्टानं पाठवली. पोस्टातल्या मुलानं विचारलं, आत काय आहे लिहू?