दात आणि काटकसर

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. तेव्हापासून येथील कित्येक घरांचा दिवस पाळ्यांच्या हिशेबाने चालतो. रात्रपाळीहून परतलेला गृहस्थ दात न घासताच अंथरुणावर पडतो. पेस्ट लवकर संपते म्हणून मुलांचेही रात्रीचे दात घासणे राहून जाते. ही काटकसर महागात पडते. झोपेत लाळ कमी सुटते, आणि तोंडात उरलेल्या अन्नकणांपासून जंतू जे आम्ल तयार करतात ते दातांना पोखरते. म्हणून निजण्यापूर्वी दात घासावेतच, मग बाहेर ऊन का चढलेले असेना!

बचत करावी ती प्रमाणात. मोठ्यांस व तीन वर्षांवरील मुलांस वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. त्याहून लहानांस तांदळाच्या दाण्याएवढी. लहान मुले पेस्ट गिळतात, आणि फ्लोराइड फार पोटात गेल्यास पुढे येणाऱ्या पक्क्या दातांवर पांढरे डाग उमटतात. नळी तळापासून गुंडाळीत जावी. शेवटी कापली म्हणजे आतील पेस्ट आणखी काही दिवस पुरते.

स्वस्त म्हणून मशेरी वा छत्तीसगडातील गुडाखू मात्र दातांस लावू नये. दोहोंत तंबाखू असतो, आणि तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो.