अटाल्यातला कॉम्प्युटर आणि दादाच्या फ्लॉप्या



दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्याकडे दरवर्षी एकच वाद होतो. मधल्या खोलीत माझे जुने कॉम्प्युटर आणि व्हिडिओ गेम मांडून ठेवलेत. सौ.च्या भाषेत तो अटाला. इंदूरच्या कचरागाडीला इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो हे तिला पक्कं ठाऊक आहे, त्यामुळे उपायही तिच्याकडे तयार असतो. "गाव स्वच्छतेत देशात पहिलं येतं, आणि आमची मधली खोली शेवटून पहिली," असं ती आल्यागेल्याला सांगते. सगळे हसतात, मीही हसतो. पण यंदा जरा सविस्तर लिहायचं ठरवलं. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या माळ्यावर, पलंगाखाली असं काहीतरी पडलेलं आहे आणि ते टाकायच्या आधी दोन गोष्टी कानावर घालाव्यात असं वाटतं.

आधी खोलीत काय आहे ते सांगतो. बँकेत ३८ वर्षं काढली, यादी दिल्याशिवाय चैन पडत नाही. दोन २८६, एक ३८६, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने काढलेला एक स्पेक्ट्रम प्लस (त्याला टेपरेकॉर्डर जोडून कॅसेटवरून प्रोग्रॅम भरावे लागतात), टीव्हीला जोडायचे तीन व्हिडिओ गेम, त्यातला एक सामुराई, आणि एक जुना पोटाडा टीव्ही. बहुतेक माल जेल रोडवरून आणि ओळखीच्या अटालेवाल्याकडून किलोच्या भावाने आलेला. महाग असं काही नाही.

गंमत अशी की याच मशीनच्या विरोधात मी एके काळी छातीवर बिल्ला लावून बँकेच्या दारात उभा राहिलो होतो. १९८४ साली रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखांमधून लेजर पोस्टिंग मशीन येणार अशी बोलणी सुरू झाली. आम्ही क्लार्क मंडळी घाबरलो. चार माणसांचं काम एक पेटी करणार म्हटल्यावर उरलेल्या तिघांनी करायचं काय? पुढे आमच्या शाखेत मशीन आलं. त्याला एसी केबिन मिळालं, मॅनेजरसाहेबांच्या डोक्यावर मात्र पंखाच राहिला. आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या, देवघरात जातात तसं. महिनाअखेरीला बॅलन्सिंगसाठी आम्ही रात्री दहा-दहापर्यंत बसून दोन रुपये सत्तर पैशांचा फरक शोधत असू. मशीन रुळल्यावर पहिल्या महिनाअखेरीला मी सात वाजता घरी आलो, तर आईने कपाळाला हात लावून ताप पाहिला. बिल्ला ड्रॉवरमध्ये गेला. युनियनची भीती खोटी होती असं मी आजही म्हणणार नाही, नवीन क्लार्कभरती पुढे किती आटली ते आम्ही पाहिलंच आहे. पण त्या मशीनवर माझा जीव जडला हेही खरं.

बँकेच्या हिशोबात कॉम्प्युटरवर दरवर्षी ३३.३३ टक्के घसारा. तीन वर्षांत किंमत संपते, मग रजिस्टरमध्ये एक रुपया दाखवायचा आणि एक दिवस लिलाव. कॉमर्सच्या माणसाला हे पटतं. फक्त आत काय साठवलंय त्याचा कॉलम त्या रजिस्टरमध्ये नसतो, आणि घरी तर रजिस्टरच नसतं.

आता दादाची गोष्ट. माझा मोठा भाऊ शाळेत शिक्षक होता. रिटायर झाल्यावर, १९९५ च्या सुमारास, त्याने एक सेकंडहँड ३८६ घेतला आणि त्यात सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवून घेतलं. तेव्हा विंडोजवर मराठी लिहिणं घरोघरी पोचलेलं नव्हतं. हे कार्ड घातलं की साध्या डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची. दादा रोज सकाळी पोहे-चहा झाला की दोन तास टाइप करत बसे. आपलं घराणं इंदूरला कसं आलं, आजोबा होळकर दरबारात कुठल्या खात्यात होते, १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झालं तेव्हा त्यांच्या पगाराचं आणि पेन्शनचं काय झालं, असं सगळं. प्रिंट काढ म्हटलं की म्हणायचा, "पूर्ण होऊ दे रे." २००३ साली दादा गेला. पुढे घर लहान केलं तेव्हा वहिनीने कॉम्प्युटर अटालेवाल्याला दिला. तिची काही चूक नाही, आपण कुणीही तेच केलं असतं. ११ फ्लॉप्या मात्र पेढ्यांच्या डब्यात राहिल्या.

तीन वर्षांपूर्वी पुतण्याची मुलगी (म्हणजे माझी नातच) वंशावळ करायला बसली आणि डबा घेऊन माझ्याकडे आली. "आजोबा, हे कशात घालतात?" सव्वापाच इंची फ्लॉपी! साडेतीन इंचीला लॅपटॉपला लावायचा ड्राइव्ह बाजारात मिळतो, या मोठ्या फ्लॉपीला तसा तयार मिळत नाही. माझ्या एका २८६ मध्ये दोन्ही मापांचे ड्राइव्ह आहेत. तेव्हा मधल्या खोलीकडे सगळ्यांनी पहिल्यांदा जरा आदराने पाहिलं.

पण इथेच माझ्या हातून चूक झाली. उत्साहाच्या भरात मी वरची फ्लॉपी सरळ ड्राइव्हमध्ये सारली. आत बुरशी होती. कर्र असा आवाज आला, फ्लॉपी बाहेर काढली तर तबकडीवर गोल ओरखडा. डेटा ज्या थरावर असतो तो थरच हेडने खरवडून काढला होता. पाकिटावर दादाच्या अक्षरात लिहिलेलं होतं, "आई – ३".

त्यानंतर शहाणपण आलं. पाकिटाची कड ब्लेडने कापायची, तबकडी हलक्या हाताने बाहेर काढायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, वाळवायची, दुसऱ्या स्वच्छ पाकिटात घालायची आणि मग एकदाच वाचायची. प्रत्येक फ्लॉपीनंतर ड्राइव्हचं हेडही पुसायचं. अशा सात फ्लॉप्या वाचल्या गेल्या. मोठ्या फ्लॉपीवरून छोट्या फ्लॉपीवर, तिथून लॅपटॉपवर. लॅपटॉपवर उघडलं तर सगळी चिन्हांची खिचडी, कारण जिस्ट कार्डाचा मजकूर इस्की नावाच्या जुन्या संकेतात साठवलेला असतो. सुदैवाने आजच्या युनिकोडमधला देवनागरीचा क्रम इस्कीवरूनच बेतलेला आहे. नातीने एका रविवारी छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि संध्याकाळी पडद्यावर दादा बोलायला लागला. वहिनी खुर्ची ओढून बसली आणि साडेनऊपर्यंत उठली नाही.

म्हणून माझं मत असं आहे की जुनी मशीन जमवायची तर चालू ठेवून जमवावीत. काचेच्या कपाटात बंद ठेवलेला कॉम्प्युटर म्हणजे दिवा लावलेला अटाला. जुन्या बोर्डावर पिंपासारखी एक छोटी बॅटरी असते. ती गळते आणि तिचं पाणी बोर्डाच्या तारा खाऊन टाकतं. मशीन हातात आलं की पहिलं काम ती बॅटरी काढायची. गळली असेल तर डाग व्हिनेगरने मारून मग अल्कोहोलने पुसायचे. बरीच वर्षं बंद असलेलं मशीन थेट प्लगमध्ये घालू नये, आधी सिरीज बल्ब लावून पाहावं, आपल्या गल्लीतले जुने इलेक्ट्रिशियन करायचे तसं. आणि पोटाड्या टीव्हीचं मागचं झाकण हौसेने उघडू नका, बंद केल्यावरही आत जबर व्होल्टेज राहू शकतं.

हल्ली तरुण मंडळी प्लास्टिकचा पिवळेपणा घालवायला पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवतात. मला ते आवडत नाही. माझेही केस मी काळे करत नाही.

व्हिडिओ गेमबद्दल थोडं. नातू म्हणतो, "हे सगळे गेम फोनमध्ये आहेत आजोबा, एवढा पसारा कशाला?" मारिओपुरतं त्याचं बरोबर आहे, मी वाद घालत नाही. पण बदकं मारायची बंदूक नवीन टीव्हीवर चालत नाही, ते का? घोडा दाबला की क्षणभर पडदा काळा होतो आणि जिथे बदक आहे तिथे पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतला डोळा तो उजेड टिपतो. हे गणित जुन्या टीव्हीच्या चित्राच्या वेगाशी बांधलेलं आहे, सपाट टीव्हीवर चित्र थोडं उशिरा येतं आणि बंदूक आंधळी होते. हे सांगण्यापेक्षा दाखवलं की पोरांचे डोळे चमकतात. सुट्टीत गल्लीतली आठ-दहा मुलं येतात, रांग लावून खेळतात. एक बंदूक त्यांनी मोडली, मोडू दे. (कार्ट्रिजमध्ये फुंकर मात्र मारू देत नाही, तोंडाच्या वाफेने पिना गंजतात. आपण सगळ्यांनी लहानपणी पोरांना तेच करू दिलं होतं.) आणि "९९९९ गेम" लिहिलेल्या कार्ट्रिजमध्ये खरे गेम किती, ते मी इन्स्पेक्शनला बसल्यासारखं मोजलंय. सात. बाकी सगळ्या दुबार नोंदी.

काही लोक सीलबंद डबे घेऊन भाव वाढायची वाट पाहतात. तो धंदा आहे, खुशाल करावा, त्याला छंद म्हणू नये. रिटायर्ड माणसाने एफडी मोडून तर यात मुळीच पडू नये.

सौ.चं सगळंच चूक आहे असंही नाही. पोटाड्या टीव्हीच्या काचेत शिसं असतं. मी गेलो तर हे सगळं कुणाच्या तरी गळ्यात पडणार. म्हणून यंदा आमचा समझोता झाला. जे चालत नाही आणि ज्याचे सुटे भाग लागणार नाहीत, ते गाडीत गेलं. दोन मॉनिटर, एक फुटका सीपीयू, गोणीभर वायरी. चालू मशीनवर मी चिठ्ठ्या डकवल्या, काय आहे, कसं सुरू करायचं, माझ्यामागे कुणाला द्यायचं. २८६ वर नातीचं नाव आहे.

तुमच्याकडे जुन्या फ्लॉप्या असतील, वडिलांच्या, काकांच्या, मंडळाच्या कार्यक्रमांच्या, तर गाडीची घंटा वाजायच्या आत एकदा बाजूला काढा. डबा कोरडा ठेवा आणि घाईने कशातही घालू नका.

दादाच्या तीन फ्लॉप्या अजून वाचायच्या आहेत. बुरशी जास्त आहे, मला हात लावायचा धीर होत नाही. "आई – ३" वेगळ्या पाकिटात ठेवली आहे. वहिनी आली की विचारते, "त्याचं काही झालं का हो भाऊजी?" मी म्हणतो, "बघतोय वहिनी."