अकोल्याला बालेकिल्ला म्हणू नका

मा. संपादक,


निवडणूक आली की अकोल्याच्या बातमीत ‘भाजपचा बालेकिल्ला’ हे शब्द ठरलेलेच. ते कृपया थांबवा. मतदानाआधीच निकाल लागल्यासारखे वाटते आणि मग उमेदवाराला जाब विचारायला कोणी उरत नाही.

असा बालेकिल्ला वऱ्हाडाने आधीही पाहिला आहे. अमरावतीत भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांपासून उषाताई चौधरींपर्यंत काँग्रेस हरलीच नाही. १९७७ मध्ये उत्तरेत काँग्रेस भुईसपाट झाली, तरी अमरावतीत नाना बोंडे आणि अकोल्यात वसंत साठे निवडून आले. तिकीट मिळाले म्हणजे खासदारकी मिळाली, असाच समज होता. तो १९८९ मध्ये मोडला. अमरावतीने कम्युनिस्ट सुदामकाका देशमुखांना दिल्लीला पाठवले, अकोल्याने भाजपच्या पांडुरंग फुंडकरांना. अकोल्यात त्यानंतर काँग्रेसचा खासदार झालेला नाही.

म्हणून अकोला कायमचे भाजपचे झाले का? १९९८ मध्ये काँग्रेस आणि रिपब्लिकन पक्ष एकत्र आले, तेव्हा अकोल्यात प्रकाश आंबेडकर आणि अमरावतीत रा. सू. गवई जिंकले. पुढे २००४ पासून भाजपचे संजय धोत्रे सलग चार वेळा निवडून आले, त्यामागची मेहनत मी नाकारत नाही. पण २०२४ चे आकडे पाहा. भाजपचे अनुप धोत्रे यांना सुमारे ४ लाख ५७ हजार मते, तर काँग्रेसचे अभय पाटील आणि वेगळे लढलेले आंबेडकर यांच्या मतांची बेरीज सात लाखांच्या जवळ. आंबेडकरांची सगळी मते काँग्रेसकडे वळली असती असे नाही, हे मान्य. तरीही विजयाचे अंतर होते जेमतेम चाळीस हजारांचे! त्याच निवडणुकीत अमरावतीत फूट दुसऱ्या बाजूला पडली. भाजपच्या महायुतीतल्याच प्रहार पक्षाने दिनेश बूब यांना वेगळे उभे केले आणि काँग्रेसचे बळवंत वानखडे सुमारे वीस हजारांनी निवडून आले. विरोधक किती वाटले गेले, यावर टिकणाऱ्या जागेला बालेकिल्ला कसे म्हणायचे?

जाब विचारावा असे प्रश्न इथे आहेत. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात हापशीचे पाणी तोंडात धरवत नाही, कपड्याला साबण लावला तर फेस येत नाही. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी शकुंतला रेल्वे बंद पडून आहे. तिच्या एका टोकाला अकोला मतदारसंघ, दुसऱ्या टोकाला अमरावती. पुढच्या निवडणुकीत आपल्या वार्ताहरांनी या दोन प्रश्नांवर दोन्ही मतदारसंघांतल्या प्रत्येक उमेदवाराचे लेखी उत्तर घ्यावे आणि ते मतदानाआधी पहिल्या पानावर छापावे.

– एक मतदार, मूर्तिजापूर (जि. अकोला)